धुंधुरमासाचं जेवण आणि ते रांधणारी

सूर्य धनू राशीत शिरला की धुंधुरमास लागतो. डिसेंबरच्या मध्यापासून थेट संक्रांतीपर्यंत. या महिन्यात निदान एक दिवस तरी उजाडता उजाडता जेवायचं, असा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांचा रिवाज आहे. पानात मुगाच्या डाळीची वाफाळती खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत. आधी देवाला नैवेद्य, मग घरादाराची पंगत. रात्र मोठी, थंडीने अग्नी प्रदीप्त झालेला, म्हणून पूर्वजांनी सकाळच्या भुकेची ही सोय केली, असं या जेवणाचं कौतुक दरवर्षी छापून येतं. कौतुक योग्यच आहे. पण ती पंगत मांडणाऱ्या बाईचा दिवस त्या रात्री किती वाजता सुरू झाला, याचा उल्लेख त्यात सहसा नसतो.

तो हिशेब अवघड नाही. पुण्याकडे जानेवारीच्या आरंभी सूर्य सातच्या थोडा नंतर उगवतो. त्या वेळी पानं वाढलेली हवीत, तर चूल पाचच्या आत पेटायला हवी. त्याआधी अंघोळ, कारण नैवेद्याचा स्वयंपाक पारोशाने चालत नाही. अंघोळीला पाणी हवं, ते तापवायला जळण हवं. ताक घुसळून लोणी काढायचं. आणि या सगळ्याच्या आधी पीठ.

पीठ आदल्या दिवशी का दळून ठेवलं नाही, असं आजच्या वाचकाला वाटेल. गहू-ज्वारीच्या बाबतीत ते जमलंही असतं. बाजरीचं पीठ मात्र फार दिवस टिकत नाही. या धान्यात तेलाचा अंश जास्त असतो, दाणा फुटला की ते तेल खवट होऊ लागतं आणि काही दिवसांत पिठाला कडवटपणा येतो. बाजरी उष्ण, म्हणून ती थंडीत खायची, आणि बाजरी खायची म्हणजे थोडी थोडी, ताजी ताजी दळायची. थंडीच्या महिन्यात घरातल्या बाईची पहाट लांबत गेली, त्यामागे ऋतूइतकाच धान्याचा हा स्वभाव होता.

जातं हा प्रकार आता लग्नातल्या मुहूर्ताच्या हळदीपुरता उरला आहे. त्यामुळे त्यावर रोज दळणं म्हणजे काय, ते थोडं सांगायला हवं. खालची तळी स्थिर, वरची फिरती, तिच्या कडेला लाकडी खुंटा. एक पाय पसरून, एक दुमडून बसायचं, एका हाताने खुंटा ओढायचा आणि दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मुठीमुठीने धान्य सोडत राहायचं. या मुठीला वैरण म्हणतात. जनावराला घालतात तीच वैरण जात्यालाही. समोर दुसरी बाई बसली तर ओढ निम्मी होते, म्हणून सासू-सून, जावा-जावा, नणंद-भावजय जोडीने बसत. एकटीच असेल तर तिने एकटीने ओढायचं. पोटुशी असो, अंगावर पितं मूल असो, दळण चुकत नसे. कित्येक बायका मांडीवर मूल घेऊनच दळत. दगड गुळगुळीत झाले की पीठ जाडं येई. मग टाकी लावणाऱ्याला बोलवून ते पुन्हा खरबरीत करून घ्यावे लागत.

याच अंधारात, याच घरघरीत महाराष्ट्रातल्या बायकांनी ओव्या रचल्या. दिवसभर ज्या सुनेला मोठ्याने बोलायची सोय नव्हती, तिला जात्यावर गळा मोकळा करायची मुभा होती. आई, भाऊ, माहेरची वाट, सासूचा जाच, लेकीचं दुःख, विठोबा, रामायणातली सीता, पुढे पुढे बाबासाहेब, असं सगळं तिने जात्यालाच सांगितलं. साने गुरुजींनी घरोघरच्या ओव्या जमवून ‘स्त्री-जीवन’ सिद्ध केलं. १९८०च्या दशकापासून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून त्या टिपल्या. हजाराहून अधिक गावांमधून मिळून एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने २०१७ पासून त्या सगळ्यांना ऐकता-वाचता याव्यात अशी सोय केली. गाणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींनी शाळा पाहिलेली नव्हती. मराठीत इतक्या मोठ्या संख्येने स्त्रियांनी स्वतःच्या दिवसाबद्दल स्वतः सांगितलेलं दुसरं काही आपल्याजवळ नाही. थंडीतल्या आईचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने पहिला हात या संग्रहाला घालावा.

पिठाची गिरणी आधी शहरांत आली. खेड्यांत ती तेलावर चालणाऱ्या इंजिनाबरोबर आणि नंतर विजेबरोबर पोचली. काही गावांत स्वातंत्र्याच्या आधी, बऱ्याच गावांत स्वातंत्र्यानंतर, डोंगराळ मुलखात त्याहूनही उशिरा. इंजिनाचा ठोका ऐकू आला की डोक्यावर दळणाचा डबा घेऊन बायका निघत. गिरणीच्या पिठाला चव नाही, ते गरम होऊन मरतं, अशी तक्रार घरातले वडीलधारे बरीच वर्षं करत राहिले. ती तक्रार करणाऱ्यांपैकी किती जण खुंट्याला हात लावत होते, हे विचारायला हवं होतं. माणसाच्या सुखाचा हिशेब मांडायचा झाला, तर महाराष्ट्राच्या खेड्यात रेल्वेपेक्षाही मोठा बदल पिठाच्या गिरणीने केला, असं म्हणायला हरकत नाही. तिने बाईला रोजचे तास-दोन तास परत दिले, तेही झोपेचे.

पाण्याचं ओझं तसंच राहिलं. पुण्यासारख्या शहरात पेशवाईतच कात्रजच्या तलावाचं पाणी नळांनी हौदांवर आलं होतं. तरी हौदापासून न्हाणीघरापर्यंत ते कळशीनेच यायचं. मग आला तांब्याचा बंब. मधल्या नळीत जळण घालायचं आणि भोवतीचं पाणी तापवायचं. पौषातल्या पहाटे घरातली पहिली जाग त्याचीच. गोवऱ्या, ढलप्या, नारळाच्या करवंट्या, भुसा, जे मिळेल ते त्याच्या पोटात जाई. घरातल्या प्रत्येकाची अंघोळ होईस्तोवर त्यात गार पाणी ओतत राहणं आणि जाळ विझू न देणं हे आईचं किंवा मोठ्या मुलीचं काम. आणि सणाआधी चिंच लावून तो लखलखीत घासायचा, तेही त्यांचंच.

या महिन्याची एक भीतीही होती. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघडकीला आला आणि त्या हिवाळ्यात लाखो माणसं शहर सोडून गेली. पुढची अनेक वर्षं महाराष्ट्राच्या देशावर हाच क्रम चालला. उन्हाळ्याच्या कोरड्या झळांत साथ ओसरे आणि थंडी पडली की पुन्हा डोकं वर काढी, कारण उंदरावरच्या पिसवांना गार, दमट हवा मानवते. घरात उंदीर मरून पडला की गाव सोडायचं, शेतात किंवा माळावर झोपड्या घालायच्या आणि साथ सरेपर्यंत तिथेच राहायचं, हे लोक अनुभवाने शिकले.

माळावर जाणं म्हणजे काय, ते घर चालवणारीच्या बाजूने पाहिलं पाहिजे. उघड्यावर तीन दगडांची चूल, चारी बाजूंनी बोचरा वारा, पाणी लांब, तान्हं मूल, म्हातारी सासू आणि कुणाच्या जांघेत गाठ तर आली नाही ना, याची रोज रात्री धास्ती. १८९७ मध्ये पुण्यात गोरे सोजीर घरं तपासायला आले, तेव्हा ते माजघरात आणि देवघरात शिरले. सामान बाहेर काढलं, जाळलं. त्या प्रकरणाचा इतिहास प्लेग अधिकारी रँडच्या वधाकडे धावत जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. पण ज्या स्वयंपाकघराची नासधूस झाली, तिथे दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी कुणी आणि कशावर थापली, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

मुंबईत गोष्ट निराळी होती. तिथे पहाट ओळखायची ती गिरणीच्या भोंग्यावरून. १८९१च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांचा कामाचा दिवस अकरा तासांवर आणला, तोही सवलत म्हणून! विसाव्या शतकाच्या विशीत मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांत साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता, बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या या बायका परळ-लालबागच्या चाळींत एका खोलीत संसार करत. पहाटे सार्वजनिक नळावर नंबर, मग भाकरी, मग गिरणी, आल्यावर पुन्हा चूल. मूल कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न रोजचा. म्हातारं माणूस घरात नसेल तर मुलाला अफूची बाळागोळी देऊन झोपवायचं. त्या काळच्या सरकारी पाहण्यांत या गोळीची नोंद आहे आणि ती सर्रास होती. ती देणाऱ्या आईला दोष देणं सोपं आहे; तिच्यापुढे दुसरी वाट कोणती होती, हे सांगणं अवघड आहे.

म्हणूनच १९२९चा मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा महत्त्वाचा. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा हा पहिला कायदा. आदल्या वर्षी कायदेमंडळात या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मालकाने व सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची भूमिका होती. मात्र लाभ द्यावा लागू नये म्हणून मालक बायकांना कामावर घेईनासे झाले. पुढच्या दशकांत यंत्रं बदलली, खाती बदलली आणि गिरण्यांतली बायकांची संख्या घटत गेली.

गिरणीतून बाहेर पडलेली बाई घरी बसली नाही. तिने खाणावळ घातली. गावाकडे बायकापोरं ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण हवं होतं आणि ते याच बायकांनी आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत रांधलं. तिन्ही पाळ्यांची माणसं, त्यामुळे चूल जवळजवळ विझतच नसे. खाणाऱ्याने पैसे पगाराला द्यायचे, पण धान्य, रॉकेल, कोळसा तिने आधी उधारीवर आणायचा, सावकाराचं व्याज सोसायचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकांची दारं त्यांच्यासाठी उघडली. ज्या कामाला कुणी धंदा म्हणत नव्हतं, त्याला पहिल्यांदा कर्ज मिळालं. मग १९८२ साल आलं. संक्रांत झाली आणि १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, पगार थांबले, पुष्कळ जण गावाकडे गेले. संपाच्या इतिहासात युनियन, मालक आणि सरकार यांच्यावर पुस्तकं आहेत. चुलीपुढे उधारीची वही धरून बसलेल्या खाणावळवालीवर फार थोडं लिहिलं गेलं आहे.

संक्रांतीचा विषय निघालाच आहे, तर हलव्याबद्दल सांगायला हवं, कारण थंडीतल्या बायकांच्या कामात इतकं कौशल्य लागणारं दुसरं काम नसेल. मंद निखाऱ्यांवर परात, परातीत तीळ किंवा खसखस. त्यावर साखरेचा पाक चमचा-चमचा घालायचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचे. घाई केली की गोळा होतो, जाळ वाढला की साखर पिवळी पडते. काटा येतो तो कोरड्या गार हवेतच, म्हणून हे काम पहाटेचं, आणि एका दिवसात संपणारंही नाही. मग त्याचे दागिने गुंफायचे. नव्या सुनेला काळी चंद्रकळा आणि हलव्याचा साज, तान्ह्या मुलाला काळं झबलं आणि बोरन्हाण. भोगीच्या आदल्या रात्री पावटे, सोलाणे, वांगी, गाजरं निवडण्यात मध्यरात्र उलटते. कुंभाराकडून सुगडं आणायची, त्यांत हरभरे, बोरं, ऊस भरायचा, वाणाची तयारी ठेवायची. एवढं सगळं नेहमीचं काम सांभाळून.

मग ती हे का करत होती? केवळ परंपरेच्या धाकाने, असं उत्तर अपुरं आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू हे बाईला घराबाहेर पडायचं, दुसऱ्या बाईच्या ओटीवर निवांत बसायचं सर्वमान्य कारण होतं. तिथे जावयांच्या नोकऱ्या, लेकींची बाळंतपणं, भाज्यांचे भाव, कुणाचा नवरा हात उगारतो, अशा सगळ्याची देवघेव होई. सावित्रीबाई फुले यांनी या संधीचं मोल फार लवकर जाणलं. १४ जानेवारी १८५२ रोजी पुण्यात महिला सेवा मंडळाच्या वतीने त्यांनी तिळगूळ समारंभ योजला. अध्यक्षस्थान कलेक्टर जोन्स यांच्या पत्नीकडे होतं. कोणत्याही जातीची स्त्री आली तरी सर्वजणींना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि भेदभाव न करता हळदीकुंकू व तिळगूळ दिला जाईल, असं निमंत्रणातच स्पष्ट केलेलं होतं. त्या काळी संक्रांत जानेवारीच्या बाराव्या तारखेच्या सुमारास येई, म्हणजे हा समारंभ सणाच्या लगेच नंतरचा. सार्वजनिक सभेला बाई येणार नव्हती, पण तिळगुळाला येऊ शकत होती. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी स्त्रियांच्या संस्थांनीही आपल्या सभा भरवायला हळदीकुंकवाचाच आधार घेतला.

एरवीच्या हळदीकुंकवात एका बाईला मात्र जागा नव्हती. विधवेला. घरात लाडू वळायला, हलवा करायला, दळायला ती चाले, कुंकू लावून घ्यायला चालत नसे. कित्येक घरांत या महिन्यातलं निम्मं काम बालविधवा झालेल्या आत्याने किंवा काकूने ओढलेलं असे. हे बदलायला फारच काळ लागला आणि अजूनही ते पुरतं बदललेलं नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. सावित्रीबाईंच्या जाजमानंतर १७० वर्षांनी.

तिळगुळातला गूळ आणि हलव्यातली साखर जिथून येते, तिथेही पाहू. १९५०-५१ मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. तोडणीला माणसं आली ती बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून. दिवाळी झाली की संसार गाडीवर लादायचा आणि उन्हाळ्यापर्यंत परमुलखात कोपी घालून राहायचं. उचल नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. त्या जोडीला नाव आहे कोयता. धुंधुरमास हा गाळपाचा ऐन भराचा काळ. कोपीतली आई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, मूल बरोबर घेते किंवा मोठ्या लेकीच्या हवाली करते आणि दव पडलेल्या फडात शिरते. मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या, पाळी आली तरी खाडा करायचा नाही, कारण खाडा म्हणजे दंड. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं उघड झाल्यावर सरकारने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. जात्यावरची बाई इतिहासजमा झाली, असं समजणाऱ्यांनी जानेवारीत एकदा कुठल्याही कारखान्याच्या तळावर पहाटे जाऊन यावं.

शहरातल्या स्वयंपाकघरात बदल मात्र भराभर झाले. भुशाची शेगडी, वातीचा आणि पंपाचा स्टोव्ह, मग गॅस. १९५०च्या दशकाच्या मध्याला बर्मा-शेल कंपनीने मुंबईत सिलिंडर विकायला सुरुवात केली. त्याच दशकाच्या शेवटी भारतात प्रेशर कुकर तयार होऊ लागले. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि आईपासून दूर संसार थाटलेल्या मुलींना वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक शिकता आला. बंब माळ्यावर गेला, गीझर आला, मिक्सर आला, हलवा आणि तिळाच्या वड्या दुकानातून येऊ लागल्या. आता आई नोकरीवरून येताना वाटेत सुगडं आणि वाणाच्या वस्तू घेते, आणि हळदीकुंकू शनिवार-रविवारी ठेवते.

हातातलं कष्टाचं काम यंत्रांनी खरोखरच कमी केलं. ते नाकारणं म्हणजे जातं ओढलेल्या बायकांचा अपमान होईल. काम कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर मात्र यंत्रांनी बदललं नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होती आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं. २०२४च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि त्याच पाच वर्षांत पुरुषाने आपल्या वाट्याची नऊ मिनिटं कमी केली.